हत्ती खाणाऱ्यांची वंशावळ

राजपुरीहून शिडाच्या होडीने निघाले की जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिसतो तेव्हा होडी जवळजवळ पायरीला लागलेली असते. उतरायच्या गडबडीत दरवाजाजवळच्या भिंतीतले ते प्रसिद्ध शिल्प बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि वाटाड्याने बोट दाखवल्यावर सगळे मागे वळतात. वाघासारखा, पण पुरता वाघ नसलेला एक प्राणी. त्याच्या पंजांत हत्ती, शेपटीच्या वेढ्यात हत्ती. हत्ती कसले, मांजरीच्या पिल्लांएवढे.

मी गेलो होतो तेव्हा आमच्या वाटाड्याने नेहमीचे स्पष्टीकरण दिले : हा प्राणी म्हणजे सिद्दी, आणि हे हत्ती म्हणजे त्याचे एकेक शत्रू. त्याने त्यांची नावेही मोजून दाखवली. होडीत आमच्याबरोबर आलेला सातआठ वर्षांचा एक मुलगा बराच वेळ शिल्पाकडे बघत होता. तो म्हणाला, "पण हा खातोय कुठे? नुसता धरून बसलाय."

वाटाडा हसला, आम्ही सगळेच हसलो आणि पुढे गेलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. नंतर शिवनेरीच्या दरवाजांवरचे शरभ पुन्हा पाहिले, इतर किल्ल्यांवरचे पाहिले, छायाचित्रे जमवली. मुलाचे म्हणणे खरे होते. दख्खनच्या दगडांतले हे प्राणी हत्ती धरतात, दाबतात, उचलतात, चोचीत लोंबकळत ठेवतात. चावलेला, फाडलेला, अर्धा खाल्लेला हत्ती मला अजून दिसलेला नाही. पोथ्यांमध्ये मात्र हेच प्राणी खातात, आणि खाण्यावरून त्यांचे काय होते हेही तिथे सविस्तर सांगितलेले असते. दगड आणि पोथी यांच्यातल्या या तफावतीचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात शरभापासूनच करावी लागते, कारण आपल्याकडच्या किल्ल्यांवर हत्ती धरणाऱ्या बहुतेक प्राण्यांना अभ्यासक हेच नाव देतात. आश्चर्य असे की हा हत्तीचा काळ मुळात बकऱ्याचा नातेवाईक आहे. ऐतरेय ब्राह्मणात एक चमत्कारिक कथा येते. देवांनी यज्ञासाठी पुरुषाला बळी म्हणून घेतले, तेव्हा त्याच्यातला मेध, म्हणजे यज्ञाला योग्य असा सारांश, निघून घोड्यात शिरला. घोडा घेतला तर तो बैलात गेला. बैलातून मेंढ्यात, मेंढ्यातून बकऱ्यात, आणि शेवटी जमिनीत शिरून भात झाला. मेध निघून गेल्यावर जे उरले त्यातून एकेक प्राणी झाला. पुरुषाच्या उरलेल्या भागाचा किंपुरुष, घोड्याचा गौरमृग, बैलाचा गवय, मेंढ्याचा उंट आणि बकऱ्याचा शरभ. सत्त्व निघून गेल्यामुळे हे प्राणी खाऊ नयेत, असा नियमही तिथेच आहे.

म्हणजे शरभाची पहिली ओळख भक्षकाची नाही. खाण्याच्या यादीतून वगळलेला प्राणी, एवढीच ती आहे. पुढे बौद्ध जातकांत तो डोंगरातला चपळ मृग म्हणून भेटतो. वाराणसीचा राजा त्याच्या शिकारीला धावतो, स्वतःच खड्ड्यात पडतो, आणि शरभच त्याला बाहेर काढतो. या दोन्ही ठिकाणी हत्ती नाही, पंजे नाहीत, आठ पायही नाहीत.

आठ पाय महाभारतात येतात, शांतिपर्वात. मंत्री आणि सेवक कसे निवडावेत हे भीष्म युधिष्ठिराला सांगत असतो, आणि त्यासाठी एका ऋषीची आणि कुत्र्याची गोष्ट सांगतो. अरण्यात एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. भक्त, शांत, फळेमुळे खाऊन राहणारा. एक दिवस बिबट्या त्याला खायला येतो, तेव्हा ऋषी त्याला बिबट्या करतो. मग वाघ येतो, तर वाघ करतो. मग माजलेला हत्ती येतो, तर हत्ती. हत्तीला सिंहाचे भय, म्हणून सिंह. आणि सिंहाच्याही वर, सगळ्या प्राण्यांना मारणारा, रक्तमांसावर जगणारा, आठ पायांचा शरभ येतो, तेव्हा ऋषी त्याला शरभ करतो. खरा शरभ घाबरून पळून जातो. आता या शरभाला खाणारा जगात कोणी उरत नाही. फळेमुळे त्याला गोड लागेनाशी होतात. त्याच्या भीतीने अरण्यातली जनावरे दूर निघून जातात, आणि भुकेल्या शरभाच्या मनात येते की समोर बसलेल्या या ऋषीलाच खावे. ऋषी ते ओळखतो आणि त्याला पुन्हा कुत्रा करतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. हितोपदेशातल्या उंदराची ती गोष्ट : मांजर, कुत्रा, वाघ आणि परत उंदीर. शाळेच्या पुस्तकांनी उंदीर उचलला आणि शरभ मागे राहिला. माझ्या मते त्यात थोडे नुकसान झाले. उंदराच्या गोष्टीत कृतघ्नपणा आहे, पण तो लाजेतून आलेला. ऋषी जिवंत असेपर्यंत लोक आपल्याला जुना उंदीर म्हणणार, हे वाघाला सलते. शरभाच्या गोष्टीत असा सल नाही. तिथे कारण सरळ पोटाचे आहे. साखळीच्या टोकाला पोचलेल्या प्राण्याच्या वाट्याचे अन्नच संपले आहे, आणि हाताशी उरलेला एकमेव घास म्हणजे त्याला तिथवर पोचवणारा माणूस. ही गोष्ट रचणाऱ्याला अरण्याचा हिशेब कळत होता.

आता कोकणात येऊ. इ. स. १०३०च्या सुमारास अल्-बेरुनीने हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ पुरा केला. गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांचा तो काळ. सोमनाथवरची स्वारी नुकतीच चारपाच वर्षांपूर्वी झालेली. अल्-बेरुनीचा प्रत्यक्ष वावर पंजाबच्या बाजूला होता. किनाऱ्यावरचे त्याला कळले ते ऐकून. ठाणे हे कोकणाचे मुख्य नगर म्हणून त्याने नोंदले आहे, आणि देशातले रस्ते, अंतरे, प्राणी सांगताना गेंड्याचे वर्णन झाल्यावर लगेच म्हटले आहे की कोकणात शरभ नावाचा एक प्राणी असतो.

हा शरभ सिंहाच्या जातीचा नाही. आकार म्हशीसारखा, पण गेंड्याहून मोठा. चार पाय खाली, आणि पाठीवर पायांसारखेच काहीतरी चार, वर तोंड केलेले. लहानशी सोंड आणि दोन मोठी शिंगे. या शिंगांनी तो हत्तीवर चाल करतो आणि त्याला उभा चिरतो. इथवर आपल्या किल्ल्यांवरच्या शिल्पांना साजेल असेच वर्णन आहे. पण अल्-बेरुनी तिथे थांबत नाही. लोक काय सांगतात तेही तो नोंदवतो. कधी कधी हा प्राणी एखाद्या जनावराला शिंगावर घेऊन वर उडवतो आणि ते, किंवा त्याचा तुकडा, पाठीवरच्या त्या वरच्या पायांमध्ये अडकून बसतो. तिथे ते सडते. त्यात किडे होतात, आणि ते किडे शरभाच्या पाठीत शिरू लागतात. तो झाडांच्या बुंध्यांना अंग घासत राहतो आणि शेवटी मरतो.

आणखी एक मरणही तो सांगतो. मेघगर्जना ऐकली की शरभाला वाटते, कुणी दुसरा प्राणी आव्हान देतो आहे. मग तो त्या आवाजाच्या मागे डोंगराच्या टोकापर्यंत चढतो, तिथून झेप घेतो आणि खाली दरीत पडून त्याचे तुकडे होतात.

हे दुसरे मरण अल्-बेरुनीच्या कितीतरी आधी कालिदासाला माहीत होते. मेघदूतात हिमालयावरून जाणाऱ्या मेघाला यक्ष सांगतो की तिथले शरभ तुझ्यावर झेप घेतील आणि स्वतःचेच हातपाय मोडून घेतील. त्यांना गारांच्या माऱ्याने पांगव. म्हणजे एकच लोकसमजूत हिमालयापासून कोकणापर्यंत, आणि गुप्तकाळापासून अकराव्या शतकापर्यंत चालत आली होती. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उभे राहिलेल्या कोणालाही ती कोकणात का रुजली हे समजायला ग्रंथ लागत नाही.

पहिले मरण मात्र अधिक खोल आहे, आणि त्याच्यासाठीच मी अल्-बेरुनीचा हा उतारा पुन्हा पुन्हा वाचला. हत्तीला चिरणाऱ्या प्राण्याला कोण मारणार? त्याच्या वर कुणी नाही. तेव्हा सांगणाऱ्यांनी त्याचे मरण त्याच्याच शिकारीत ठेवले. पोटात न गेलेली शिकार. धरलेली, वर उचललेली, सगळ्यांना दिसेल अशी पाठीवर मिरवलेली, पण न खाल्लेली. जंजिऱ्याच्या त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते.

समुद्रापलीकडेही अशीच गोष्ट ऐकू येते, आणि कोकणचा किनारा अरबी खलाशांना अनोळखी नव्हता. सिंदबादच्या दुसऱ्या सफरीत करकदन, म्हणजे गेंडा, हत्तीला शिंगावर घेऊन चरत फिरतो, जणू काही झालेच नाही. उन्हाने हत्तीची चरबी वितळून त्याच्या डोळ्यांत उतरते, तो आंधळा होऊन किनाऱ्यावर आडवा पडतो, आणि मग रुख पक्षी येऊन दोघांनाही आपल्या पिल्लांसाठी उचलून नेतो. मार्को पोलोनेही मादागास्करच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या रुखबद्दल ऐकले होते. तो हत्तीला उंच नेऊन खाली टाकतो आणि मग खातो. कोणाची गोष्ट कोणी घेतली या वादात मी पडत नाही. माझे लक्ष हत्तीवर आहे.

या सगळ्या साखळ्यांच्या तळाशी हत्तीच का? सिंदबादमध्ये हत्ती, अल्-बेरुनीत हत्ती, शांतिपर्वात सिंह आणि शरभ यांच्या खालच्या पायरीवर हत्ती. आदिपर्वातला भुकेला गरुड अमृत आणायला निघतो तेव्हाही वाटेत एक हत्ती आणि एक कासव उचलतो. पूर्वजन्मी हे दोघे वाटणीवरून भांडणारे भाऊ होते. मला वाटते, हत्ती इथे प्राणी म्हणून फारसा उरतच नाही. तो माप आहे. ऐकणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्यांत सर्वांत मोठे जनावर हत्ती, तेव्हा न पाहिलेल्या प्राण्याचा आकार सांगायचा तर हत्तीच्या पटीत सांगायचा. म्हणूनच दगडात हत्ती पिल्लाएवढे होतात. शिल्पकाराला चौकट मोठी करता येत नाही, तो माप लहान करतो.

समुद्रात हत्ती नाही, तिथे माशाचे माप चालते. तिमी हा प्रचंड मासा. तिमीला गिळणारा तो तिमिंगिल. आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. हा नुसता कवींचा खेळ नव्हता. पाणिनीच्या सूत्रांवर लिहिणाऱ्यांना अशा शब्दांत मधला अनुस्वार कुठे येतो आणि कुठे येत नाही याचा नियम सांगावा लागला. गिळणाऱ्याला गिळणारा हा व्याकरणाच्याही कामाचा प्राणी होता. अशा साखळीला आतून शेवट नसतो. प्रत्यय जोडत जावे, मोठा मासा तयार होतो.

जमिनीवरच्या साखळीतही अशाच कड्या जोडल्या गेल्या. पण तिथे जोडणारे व्याकरणकार नव्हते.

नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक. पुढचा भाग वैष्णव घरांत सहसा सांगत नाहीत. लिंगपुराण आणि शिवपुराण सांगते की हिरण्यकशिपू मेल्यावरही नरसिंहाचा क्रोध शमेना, जग जळू लागले, तेव्हा शिवाने शरभाचे रूप घेतले. आता त्याला पंखही फुटले होते. शरभाने नरसिंहाला उचलून आकाशात नेले, आणि त्याचे कातडे शिवाने पांघरले, मस्तक मुंडमाळेत ओवले. सिंहाला मारणारा शरभ ही जुनी लोकसमजूत तयारच होती. विष्णूने सिंहाचे रूप घेतल्याबरोबर ती शैवांच्या हाती आयतीच आली. तमिळ देशात चोळ राजांच्या काळात या रूपाला मूर्ती आणि देवालये मिळाली. बाराव्या शतकातल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात हा शरभ आहे, आणि तिसऱ्या कुलोत्तुंगाने बांधलेल्या त्रिभुवनमच्या मंदिरात तर त्याचे स्वतंत्र देऊळच आहे.

याला उत्तर आल्याशिवाय राहिले नाही. दक्षिणेतली वैष्णव परंपरा सांगते की नरसिंहाने मग गंडभेरुंडाचे, दोन डोक्यांच्या महापक्ष्याचे, रूप घेतले आणि शरभाला फाडून टाकले. साखळी आता अशी झाली : हत्ती, सिंह, शरभ, गंडभेरुंड.

या दोन डोक्यांच्या पक्ष्याचाही भूतकाळ असा काही वीराचा नाही. तक्षशिलेजवळच्या सिर्कप येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका स्तूपाच्या चौथऱ्यावर तो शांतपणे कमानीवर बसलेला आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात उत्तरकुरूंच्या देशात भारुंड नावाचे तीक्ष्ण चोचीचे पक्षी आहेत. त्यांचे काम मेलेल्या माणसांना उचलून डोंगराच्या कपारीत टाकण्याचे. एका अर्थी गिधाडांचे काम. पंचतंत्रातला भारुंड तर करुण आहे. पोट एक आणि डोकी दोन. एका डोक्याला अमृतासारखे फळ मिळते. दुसरे डोके म्हणते, मलाही चव दे. पहिले म्हणते, पोट तर एकच आहे, कोणी खाल्ले काय? चिडलेले दुसरे डोके पुढे एकदा विषारी फळ खाते, आणि दोन्ही मरतात. (आपल्या भारूड या शब्दाची एक व्युत्पत्ती याच पक्ष्यापासून सांगतात. दोन तोंडांचा पक्षी तसे दोन अर्थांचे गाणे. ती बरोबर असेलच असे नाही, पण नाथांच्या भारुडांना शोभते खरी.)

या मढी वाहणाऱ्या, स्वतःचेच विष खाणाऱ्या पक्ष्याला राजांनी उचलले. कर्नाटकातल्या बळ्ळिगावी येथे इ. स. १०४७मध्ये चामुंडरायरस या चालुक्यांच्या अधिकाऱ्याने गंडभेरुंडाचा स्तंभ उभारला. सुमारे ३० फुटांच्या खांबावर माणसाच्या धडाची, दोन पक्षीमुखांची मूर्ती आहे. अल्-बेरुनीच्या ग्रंथानंतर अवघी १७ वर्षे. आणि हा स्तंभ उभारला कुठे? जगदेकमल्लेश्वर या शिवमंदिरासमोर. शरभाला, म्हणजे शिवाला, फाडणारा म्हणून हा पक्षी आधीपासून वैष्णवांचा असता, तर शिवाच्या दारात त्याला कोणी उभे केले नसते. माझा निष्कर्ष असा की पक्षी आधी बिरुद झाला, पराक्रमाची खूण झाला. संप्रदायांच्या भांडणात तो नंतर ओढला गेला.

विजयनगरच्या अच्युतदेवरायाने (१५२९–१५४२) आपल्या सोन्याच्या नाण्यांवर गंडभेरुंड घेतला. त्याच्या चोचींत हत्ती आणि पंजांत हत्ती. नखाएवढ्या नाण्यावर हत्ती म्हणजे मोहरीएवढे दाणे. इथेही खाणे नाही, धरणे.

आपल्याकडे हा पक्षी कसा आला याची एक वाट फार बोलकी आहे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या शार्दूल दरवाजावर हत्तींना दाबणारे सिंह आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे. हा किल्ला बळकट करणारा वऱ्हाडचा फतहुल्ला इमादुल्मुल्क, १४९०मध्ये स्वतंत्र झालेल्या इमादशाहीचा संस्थापक. फिरिश्ता सांगतो की तो मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. शिकार म्हणून उचलून आणलेले ते मूल मोठे झाले, आणि त्याच्या किल्ल्याच्या दारावर त्याच्या जन्मभूमीकडचा भक्षक कोरला गेला. हे त्याने आठवणीने केले, अभिमानाने केले, की कारागिरांनी आपल्या सवयीने केले, हे दगडावरून ठरवता येत नाही. मला त्यातला पहिला पर्याय मानावासा वाटतो, एवढेच कबूल करतो.

तेव्हा हा प्राणी कोणाचा? शैव, वैष्णव, चालुक्यांचे अधिकारी, विजयनगरचे राय, इमादशाही, सिद्दी, आणि त्यांच्यानंतर ते किल्ले घेणारे मराठे. सगळ्यांच्या दारांवर तो बसला आहे. एकाच किल्ल्यावरच्या हत्तींना एक वाटाडा पाच पातशाह्या म्हणतो आणि दुसऱ्या किल्ल्यावरचा वाटाडा त्याच हत्तींना मराठ्यांची ठाणी म्हणतो. हत्तींची मोजदाद करून त्यांना शत्रूंची नावे देण्याची आपली हौस मोठी आहे. हत्ती चार असले तर चार शत्रू सापडतात, सहा असले तर सहा. अशा अर्थाला लेखाचा पुरावा लागतो, आणि निदान मी पाहिलेल्या शिल्पांजवळ तसा तो नाही. किल्ला हातातून हातात गेला तरी नव्या धन्याने हे शिल्प फोडले नाही, याचे कारणही तेच असावे. हत्तीवर कोणाचेच नाव कोरलेले नव्हते, त्यामुळे तो कोणाच्याही शत्रूचा होऊ शकत होता. आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर मधोमध गंडभेरुंड आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोंड असलेले सिंह उभे आहेत. खाणारा आणि ज्याला खायचे ते, दोघेही एकाच सरकारी कागदावर.

दगडात ही साखळी अशी निर्धास्त आहे. पोथीत मात्र टोकाच्या प्राण्याच्या भुकेचा प्रश्न सुटत नाही. त्याचे सर्वांत निर्घृण उत्तर कीर्तिमुखाच्या कथेत आहे. जालंधराचा दूत म्हणून राहू शिवाकडे येतो आणि पार्वतीची मागणी करतो. हा राहू स्वतःच एक अपुरा भक्षक. त्याला धड नाही. चंद्र गिळतो, पण पोटच नसल्यामुळे चंद्र गळ्यातून बाहेर पडतो. शिवाच्या भुवयांमधून सिंहाच्या तोंडाचा, हाडे निघालेला, एक भयानक प्राणी निघतो आणि राहूला खायला धावतो. राहू शरण येतो, शिव त्याला सोडायला सांगतो. आता तो प्राणी विचारतो, मला भूक लागली आहे, मी काय खाऊ? आपले हातपाय खा, असे शिव सांगतो. तो खातो. हात, पाय, पोट, सगळे. तोंड तेवढे उरते. प्रसन्न होऊन शिव त्याला कीर्तिमुख हे नाव देतो आणि आपल्या दाराशी ठेवतो. यादवकालीन देवळांच्या उंबरठ्यावर, आत जाताना आपण ज्याला हात लावून पुढे जातो, तो हा. खांबांवरही तो असतो, आणि शिल्पकारांनी त्याच्या तोंडातून मोत्यांच्या माळा बाहेर काढलेल्या असतात.

शेवटी पुन्हा कोकण, आणि पुन्हा अल्-बेरुनीचाच काळ. हत्तीला चिरणाऱ्या शरभाची वार्ता ज्या कोकणातून त्याच्या कानावर गेली, तिथे तेव्हा ठाण्याचे शिलाहार राज्य करीत होते. अंबरनाथचे देऊळ त्यांचे. त्यातला लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा. शिलाहारांच्या ताम्रपटांतल्या बिरुदावळीत 'तगरपुरवराधीश्वर' आहे, तगर म्हणजे आजचे तेर. आणि 'जीमूतवाहनान्वयप्रसूत' आहे, जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेले. वासुदेव विष्णु मिराशींनी या घराण्याचे लेख एकत्र संपादित केले, त्यांत ठाणे, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर या तिन्ही शाखांच्या मुखी हा दावा आहे.

जीमूतवाहन हा विद्याधर राजपुत्र. हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा नायक. गरुड नागांचा सरसकट संहार करीत असे, म्हणून नागांच्या राजाने त्याच्याशी करार केला होता : रोज एक नाग आम्हीच पाठवू. लाल वस्त्र पांघरून तो नाग समुद्रकाठच्या वध्यशिलेवर जाई. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याची आई रडत असते. जीमूतवाहन त्याच्याऐवजी शिलेवर जाऊन बसतो. गरुड त्याला उचलतो आणि खाऊ लागतो. आजवरची कोणतीही शिकार खाताना तोंडावर समाधान ठेवून राहिली नव्हती. ते पाहून गरुड थबकतो. चूक कळल्यावर तो खाणे थांबवतो आणि यापुढे नाग न मारण्याचे व्रत घेतो. गौरीच्या कृपेने जीमूतवाहन पुन्हा जिवंत होतो.

शिलेवर जो आहार झाला, तो शिलाहार. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही, पण तीन राजशाखांनी काही शतके ती आपली म्हणून मिरवली. आजूबाजूची घराणी हत्ती फाडणाऱ्यांची बिरुदे घेत असताना कोकणच्या या राजांनी आपला पूर्वज म्हणून खाल्ला जाणारा निवडला, आणि खाणाऱ्याचा हात थांबवण्याचे श्रेय त्याला दिले. दानपत्र लिहिणाऱ्या प्रत्येक कायस्थाने हे बिरुद पुन्हा कोरवून घेतले. ताम्रपटाचे पत्रे ज्या कडीत ओवलेले असतात, तिच्यावरच्या मुद्रेत मात्र जीमूतवाहन नाही. तिथे पंख पसरून, समोर तोंड करून बसलेला गरुड आहे.